विचारा बिनधास्त : समुद्राखालचा चौक, वाऱ्यावर वाळलेलं मटण आणि बाकीचं फेरो

मागच्या अंकात आम्ही फेरो बेटांवरच्या समुद्राखालच्या गोल चौकाचा फोटो छापला होता, खाली फक्त दोन ओळी, आणि त्यावर एवढे प्रश्न आले की संत्र्याच्या भावावर लिहिलं तेव्हाही आले नव्हते. त्यामुळे या वेळी सगळं पान फेरोलाच दिलंय. ज्यांचे सातबाराचे आणि कुलरच्या पंपाचे प्रश्न राहिले त्यांनी रागावू नका, पुढच्या वेळी नक्की. काही पत्रं छाटलीयेत, सारखे सारखे प्रश्न होते ते जोडून टाकलेत.

प्रश्न : सर, तो फोटो खरा आहे का एआयचा? समुद्राखाली चौक बनवतात कसा, पाणी गळत नाही का? आणि फेरो देश आहे का, आमच्या भूगोलाच्या पुस्तकात तर नाव पण नाहीये.
– अकरावीचा विद्यार्थी, प्रतापनगर

खरा आहे रे, एआय-बीआय काही नाही. एस्तुरॉय बेटाचा बोगदा आहे तो, १९ डिसेंबर २०२० ला सुरू झाला, ११.२ किलोमीटर लांब, आणि सगळ्यात खोल जागी समुद्रसपाटीच्या १८७ मीटर खाली जातो. नीट समजून घे, हा पाण्यातून जात नाही, समुद्राच्या तळाच्याही खालच्या खडकातून जातो. आधी खडकात लांब भोकं पाडून बघायचं, भेगा असल्या तर दाबानं सिमेंट भरायचं, मग सुरुंग लावून थोडं पुढं सरकायचं, परत तेच. तरीही पाणी थोडं झिरपतंच, ते गोळा करून पंपानं वर काढतात. चौक अशासाठी की एक रस्ता राजधानी तोर्सहाव्नकडून येतो आणि पुढं एकाच लांब खाडीच्या दोन काठांवर दोन फाटे निघतात. मधोमध खडकाचा खांब तसाच ठेवलाय, त्याच्यावर रंगीत दिवे, आणि भोवतीनं पोलादी माणसांची ८० मीटरची रांग, सगळे एकमेकांचे हात धरून उभे. हे काम त्रोंदुर पातुरसन या तिथल्याच कलाकाराचं. ते हात धरून काऊन उभे आहेत ते खाली नाचाच्या प्रश्नात येईल. आधी तोर्सहाव्नहून त्या खाडीपलीकडच्या रुनाव्हिकला जायला तासाच्या वर लागायचा, आता १६ मिनिटं, अर्थात टोल भरून. २०२३ च्या डिसेंबरात सांदॉय बेटाचा १०.८ किलोमीटरचा बोगदाही सुरू झाला.

आणि तो खडक कोणता, ते ऐक. बेसाल्ट. आपली सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या दगडाची, त्याच जातीचा. आपला लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला, त्यांचा साडेपाच ते सहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणून त्यांचेही डोंगर थरांचे, पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात, फक्त त्या पायऱ्यांवर हिरवं गवत आणि खाली थेट अटलांटिक.

आता देश आहे का. अर्धा, असं म्हण, डेन्मार्कच्या राज्यातला. नॉर्वे, आइसलंड आणि स्कॉटलंड यांच्या मधे समुद्रात १८ बेटं, १७ वर वस्ती, सगळे मिळून ५५ हजाराच्या आसपास माणसं. म्हणजे आपल्या महानगरपालिकेच्या एखाद्या प्रभागाएवढी, आणि त्यात स्वतःची संसद, झेंडा, भाषा, विमान कंपनी. १९४६ मधे मतदान झालं, अगदी थोड्या मतांनी स्वातंत्र्याच्या बाजूनं कौल लागला, तर डेन्मार्कच्या राजानं त्यांची संसदच बरखास्त केली, नवीन निवडणूक झाली, त्यात डेन्मार्कसोबत राहणारे जिंकले. १९४८ ला स्वराज्य मिळालं. संरक्षण डेन्मार्ककडे, घरचा कारभार आपला आपण. डेन्मार्क १९७३ मधे युरोपच्या संघात गेला, हे गेले नाहीत, कारण सरळ आहे, यांची जवळपास सगळी निर्यात मासळीची आणि आपल्या समुद्रात कोणी किती मासे धरायचे हे दुसऱ्यानं ठरवलेलं यांना नको होतं.

प्रश्न : दादा, तिथं झाडं नाहीत असं वाचलं, भाजीपाला पिकत नाही, मग खातात काय? मी सावजीवाल्यांच्या घरची आहे, मटणाचं काही असेल तर जरा डिटेलमधे सांगा.
– एक गृहिणी, महाल

ताई, तुमच्यासाठी तर खास डिटेल. झाडं खरंच नाहीत, कुणी कुंपण घालून लावली तेवढीच, बाकी वारा आणि मेंढ्या काही उगवू देत नाहीत. मेंढ्या ७० हजाराच्या घरात, माणसांपेक्षा जास्त. तिथला सगळ्यात जुना महत्त्वाचा कागद १२९८ चा आहे आणि तोही मेंढ्यांच्या कायद्याचा, कुणाच्या कुरणात कुणाची मेंढी गेली तर काय, कुत्र्यानं चावली तर काय, असा.

आता गंमत बघा. झाडं नाहीत म्हणजे जळण नाही, जळण नाही म्हणजे चारी बाजूंनी समुद्र असूनही पाणी आटवून मीठ काढता येत नाही. मीठ नाही तर मटण टिकवायचं कसं? तर वाऱ्यावर. घराजवळ लाकडी पट्ट्यांची एक खोली असते, हयात्लुर म्हणतात, पट्ट्यांमधे बोटभर फटी, त्यातून खारा समुद्री वारा आरपार जातो. ऑक्टोबरमधे मेंढ्या कापल्या की मांड्या, फरे तिथं टांगून ठेवायचे. ना मीठ, ना हळद, ना धूर. आपण मे महिन्यात गच्चीवर वाळवण घालतो ते उन्हाच्या भरवशावर, हे वाऱ्याच्या भरवशावर, आणि आपल्याला जशी अवकाळीची धास्ती तशी यांना उबदार शरद ऋतूची, कारण थोडी जरी गरमी वाढली तर माशा बसतात आणि माल गेला.

काही महिन्यांत ते अर्धवट वाळतं आणि आंबतं, त्याला रास्त म्हणतात, ते शिजवून खातात, सूपही करतात. अजून टांगून ठेवलं, पाच ते नऊ महिने, की स्केर्पिचॉट होतं. वर बुरशी येते, ती धुऊन काढायची आणि आतलं गडद लाल मटण पातळ कापून ब्रेडवर, कच्चंच. चवीबद्दल सगळे पाहुणे दोनच गोष्टी लिहितात, जुन्या चीजसारखा वास आणि दुसऱ्या दिवशीही कपड्यांना येणारा वास. मासेही असेच आंबवतात. सोबत बटाटे, शलजम, आणि रुबार्ब नावाची आंबट देठाची भाजी, तिचा मुरंबा मटणासोबतही चालतो आणि केकमधेही. मसाल्याच्या नावानं मात्र शून्य ताई. सावजीवाल्याला ते मटण अळणी लागेल आणि त्यांना आपला रस्सा दवाखान्याची केस वाटेल.

हे गरिबीचं खाणं म्हणून लोक लाजायचे, असा काळही होता. २०१७ ला तिथल्या कोक्स नावाच्या हॉटेलला हेच आंबवलेलं-वाळवलेलं वाढून मिशेलिन स्टार, म्हणजे हॉटेलांचा जगातला मोठा मान, मिळाला, २०१९ ला दुसरा. मला मात्र त्याहून आवडलेली गोष्ट म्हणजे शेतकऱ्यांच्या घरी पैसे देऊन जेवायला बसता येतं, पाहुणे आणि घरचे एकाच टेबलावर, मेंढी कुठल्या डोंगरावर चरली हेही सांगतात.

प्रश्न : फेरोवाल्यांनी फुटबॉलमधे कोणाला तरी जबरदस्त हरवलं होतं म्हणे, आमच्या ग्रुपवर वाद चालू आहे.
– कामठी

ऑस्ट्रियाला. १२ सप्टेंबर १९९०, युरो स्पर्धेच्या पात्रता फेरीतला फेरोचा पहिलाच सामना, १-० नं. घरी गवताचं मैदान नव्हतं म्हणून आपला "होम" सामना स्वीडनच्या लांड्सक्रोना गावात खेळले. गोल तोर्किल निल्सनचा. गोलकीपर येन्स मार्टिन क्नुडसन डोक्यावर गोंडेवाली लोकरीची टोपी घालून उभा होता. वादात ऑस्ट्रिया म्हणणारा जिंकला, बाकीच्यांनी चहा पाजावा.

प्रश्न : इंटरनेटवर लालभडक समुद्राचे फोटो पाहिले, रात्री जेवण गेलं नाही. एवढा शिकलेला, पैसेवाला समाज आणि ही क्रूरता? तुम्ही असल्या लोकांचं कौतुक काऊन करून राहिले?
– संतापलेला वाचक, वर्धमाननगर

कौतुक नाही भाऊ, माहिती देऊन राहिलो. आधी काय होतं ते पूर्ण ऐका, मग खुशाल रागवा.

याला ग्रिंदाद्राप म्हणतात. मारतात तो पायलट व्हेल, डॉल्फिनच्याच कुळातला पण मोठा, कळपानं राहणारा. ठरलेला सीझन नाही. कळप किनाऱ्याजवळ दिसला की निरोप सुटतो, पूर्वी डोंगरावर जाळ करून, आता फोनवरून. सरकारी अधिकारी परवानगी देतो, होड्या अर्धगोल करून कळपाला मंजूर असलेल्या खाडीकडं हाकतात, तिथं काठावर गाव उभं असतं. डोक्यावरच्या श्वासाच्या भोकात बोथट आकडा अडकवून प्राण्याला ओढतात आणि मानेमागं खास भाल्यानं मज्जारज्जू तोडतात. तिथली मोठी रक्तवाहिनी पण तुटते, म्हणून फोटोत ते सगळं लाल. २०१५ पासून प्रशिक्षण घेऊन सर्टिफिकेट मिळवलेल्यालाच हे करता येतं.

मग मोजणी होते, प्रत्येक व्हेलवर नंबर पडतो, आणि तोच अधिकारी हिशोब करून वाटे पाडतो. ज्यांनी कामात हात लावला त्यांचा वाटा, गावातल्या घरांचा वाटा, आणि ज्यानं कळप पहिल्यांदा पाहिला त्याचा मानाचा वेगळा. हे धंद्यासाठी नाही, वाटा फुकट मिळतो. याच्या नोंदी १५८४ पासून सापडतात आणि १७०९ पासून तर जवळपास सलग आहेत, इतक्या जुन्या शिकारीच्या नोंदी जगात कमीच ठिकाणी मिळतील. पूर्वी धान्य जेमतेम पिकायचं, व्यापाराची मक्तेदारी १८५६ पर्यंत डेन्मार्कच्या राजाची, बाहेरचं जहाज वेळेवर आलं नाही तर हिवाळा कसा काढायचा हा रोखठोक प्रश्न होता. एक कळप म्हणजे गावाचा हिवाळा निघाला.

आता तिथले लोक काय म्हणतात, तर आमचं रक्त दिसतं, तुमचं कत्तलखान्याच्या भिंतीमागं असतं, एवढाच फरक. हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, आणि आपण मटण खाणाऱ्यांनी त्याच्यावर थोडा विचार करावाही, पण मला ते अर्धंच वाटतं. कारण १२ सप्टेंबर २०२१ ला स्कालाबोत्नुर इथं एका दिवसात १,४२८ डॉल्फिन मारले. पायलट व्हेल नाही, पांढऱ्या पट्ट्याचे डॉल्फिन. एवढं मांस कोण खाणार होतं? तेव्हा फेरोचेच लोक भडकले, हे आमच्या रीतीत बसत नाही म्हणाले. पुढच्या वर्षी सरकारनं डॉल्फिनवर वर्षाला ५०० ची तात्पुरती मर्यादा घातली. माझ्या मते ती मर्यादा नाही, पळवाट आहे, पण तो माझा विचार झाला.

आणि दुसरी गोष्ट, जी बाहेरच्या आंदोलनवाल्यांपेक्षा जास्त चालेल असं मला वाटतं. पारा. जगभरच्या कोळशाच्या धुरातला पारा समुद्रात उतरतो, छोट्या माशातून मोठ्या माशात साठत जातो आणि पायलट व्हेल त्या साखळीच्या टोकाला. पाल वाइहे या फेरोच्याच डॉक्टरनं १९८० च्या दशकात जन्मलेल्या हजारेक मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, आईच्या पोटात असताना पारा गेलेल्या मुलांच्या लक्षात ठेवण्यावर, बोलण्यावर परिणाम दिसला. २००८ ला त्यानं आणि तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं सरकारला स्पष्ट लिहिलं की हे मांस आता माणसानं खाऊ नये. बाहेरचा माणूस येऊन "रानटी" म्हणाला की फेरोचा माणूस हट्टाला पेटतो, तिथं घरचाच डॉक्टर सांगतो तेव्हा निदान गरोदर बाईच्या ताटातून तरी ते उतरतं. आणि आपण बोट दाखवताना हेही ध्यानात असू द्या की कोराडी, खापरखेड्याची कोळशाची वीजकेंद्रं आपल्या घराजवळ आहेत. धुराला हद्द नसते.

तुमचा राग मी चुकीचा म्हणणार नाही. फक्त "असले लोक" म्हणू नका, एवढंच.

प्रश्न : फेरोच्या लोकांचा एक नाच आहे ज्यात वाजवायला काहीच नसतं, असं खरंय का? वाद्याशिवाय ताल कसा धरतात? मी मुलांना नाच शिकवते म्हणून विचारतेय.
– नृत्यशिक्षिका, लक्ष्मीनगर

खरंय मॅडम, आणि या सगळ्या पत्रांमधे मला सगळ्यात आवडलेला प्रश्न तुमचाच.

ताल पायाचा. डावीकडं दोन पावलं, उजवीकडं एक, परत डावीकडं दोन, बस एवढंच, पाच मिनिटांत शिकून होतं. सगळे हात धरून साखळी करतात, खोली लहान आणि माणसं जास्त झाली की साखळी स्वतःच्याच आत वळते, मग वळणावळणानं प्रत्येकाचा चेहरा प्रत्येकासमोरून जातो. लाकडी जमिनीवर शेदोनशे माणसांचे पाय एकदम पडतात तेव्हा ढोलकीची गरजच काय. एक जण पुढं होऊन कडवं उचलतो, धृपद सगळे म्हणतात. कथा लढाईची असली की पाय आपटतात, दुःखाची असली की हळू होतात, चेहऱ्यावरही ते दिसतं, पण कोणी कोणाला दाखवायला नाचत नाही. स्टेज नाही, प्रेक्षक नाहीत. उशिरा आलात तर साखळीत कुठंही दोन हात सोडवायचे आणि मधे घुसायचं, कोणी काही म्हणत नाही.

गाणी म्हणाल तर लांबच लांब. सिगुर्द या ड्रॅगन मारणाऱ्या वीराची कथा सहाशेच्या आसपास कडव्यांची आहे, आणि ती पाठ असणारी माणसं असायची. असा साखळी-नाच मध्ययुगात युरोपात बऱ्याच ठिकाणी होता, बाकीकडं वाद्यं आली, नवीन जोडीचे नाच आले, चर्चनं नाकं मुरडली, आणि हा गेला. फेरोमधे वाद्यं पोचलीच नाहीत फारशी, हिवाळ्याच्या रात्री लांब, आणि एकाच खोलीत चूल पेटलेली, तिथंच लोकर पिंजणं, सूत काढणं, विणणं चालू आणि तोंडानं हीच गाणी. नाताळपासून ईस्टरआधीच्या उपवासापर्यंत नाचाचे दिवस.

आज रोज कोणी नाचत नाही अर्थात. शाळेत शिकवतात, मंडळं आहेत, लग्नात होतो, आणि ओलाव्सोकाला तर होतोच. ओलाव्सोका म्हणजे २८-२९ जुलैचा त्यांचा सगळ्यात मोठा सण, १०३० मधे लढाईत मेलेल्या संत ओलाफच्या नावानं. पहिल्या दिवशी लाकडी होड्यांच्या शर्यती, गाव विरुद्ध गाव, यात भांडणंही होतात म्हणे. दुसऱ्या दिवशी मिरवणूक, आणि ३३ जणांच्या संसदेचं नवीन अधिवेशन त्याच दिवशी उघडतं, म्हणजे पुढारी लोकही चांदीच्या बटणांचा पारंपरिक पोशाख घालून रस्त्यानं चालत जातात. रात्री बारा वाजता सगळं शहर चौकात उभं राहून एकत्र गातं, मग साखळी सुरू, सकाळपर्यंत. बोगद्यातली ती पोलादी माणसं ही याच साखळीतली.

मुलांना शिकवायचं असेल तर माझा सल्ला, स्पीकर आणूच नका. एखादा पोवाडा घ्या, पाय मोजा, आणि बघणाऱ्या आईबाबांनाही साखळीत ओढा. मोबाईल धरायला हातच मोकळा राहत नाही, हा एक बोनस.

प्रश्न : काका, तिथली एखादी भुताची गोष्ट सांगा नं.
– सहावीतली एक मुलगी, काटोल रोड

भूत नाही बेटा, सीलबाईची सांगतो. सील म्हणजे समुद्रातला तो गुबगुबीत, मिशावाला प्राणी. वर्षातून एका रात्री, ६ जानेवारीच्या सुमारास, सील किनाऱ्यावर येतात, कातडी काढून ठेवतात आणि माणसं होऊन नाचतात, असं फेरोमधे सांगतात. काल्सॉय बेटावरच्या मिक्लादालुर गावच्या एका तरुण शेतकऱ्यानं एका सुंदर मुलीची कातडी लपवली, पेटीत ठेवून कुलूप लावलं, किल्ली कमरेला. आता ती समुद्रात जाणार कशी? लग्न केलं त्यानं, पोरं झाली. एक दिवस मासेमारीला गेला आणि किल्ली घरीच विसरली. परत येतो तर चूल विझवलेली, चाकूसुऱ्या नीट उचलून ठेवलेल्या पोरांना लागू नये म्हणून, आणि बाई गेलेली.

पुढं गावातले लोक सील मारायला एका गुहेत निघाले, त्याच्या आदल्या रात्री ती त्याच्या स्वप्नात आली, गुहेच्या दारातला मोठा सील माझा नवरा, आत दोन पिल्लं माझी, त्यांना मारू नको. त्यानं ऐकलं नाही. संध्याकाळी तेच मांस शिजलं, तशी ती राक्षसीण होऊन घरात आली आणि शाप दिला, या गावचे पुरुष समुद्रात बुडतील, कड्यावरून पडतील, इतके मरतील की हात धरून उभे राहिले तर सगळ्या काल्सॉयभोवती साखळी होईल.

त्या गावात खडकावर तिचा पुतळा आहे, २०१४ मधे बसवला, दोन मीटरच्या वर उंच, एका हातात कातडी. १३ मीटरच्या लाटेलाही टिकेल असा बनवला होता, आणि २०१५ च्या सुरुवातीलाच साडेअकरा मीटरची लाट त्याच्यावरून गेली, बाई जागेवरच. आता झोप.

प्रश्न : पन्नास-पंचावन्न हजार लोकांची भाषा टिकते आणि आम्ही आठ कोटींच्या वर असून मराठी शाळा बंद पडताना पाहतो. त्यांनी नेमकं काय केलं?
– निवृत्त मराठी शिक्षक, सक्करदरा

सर, सोपं उत्तर दिलं तर तुम्ही कान पकडाल, म्हणून क्रमानं सांगतो. सोळाव्या शतकात धर्मसुधारणा आली, तेव्हापासून चर्च, कोर्ट, पुढं शाळा, सगळं डॅनिश. फेरोची भाषा तीनेकशे वर्षं कागदावरच नव्हती. राहिली ती तोंडात, त्या नाचाच्या गाण्यांत. १७८१-८२ मधे स्वाबो नावाच्या माणसानं ती गाणी लिहून घेतली, त्याला वाटत होतं भाषा मरणारच आहे, निदान गाणी तरी राहू द्या. मग १८१७ ला ल्युंगब्यू नावाचा डॅनिश वनस्पतीशास्त्रज्ञ समुद्रातलं शेवाळ अभ्यासायला आला आणि शेवाळासोबत गाणीही गोळा करून गेला, १८२२ ला त्याचं पुस्तक निघालं, फेरोच्या भाषेतलं पहिलं छापील पुस्तक ते. म्हणजे पाहा, पहिलं पुस्तक शेवाळवाल्याचं.

१८४६ मधे हामर्सहाइम्ब यांनी लिहिण्याची पद्धत ठरवली, जुन्या नॉर्सच्या, म्हणजे या भाषेच्या पूर्वज भाषेच्या, वळणानं, उच्चाराप्रमाणे नाही, त्यामुळे पोरांना शुद्धलेखनाचा त्रास आजही आहे, हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल. १८८८ च्या नाताळात, २६ डिसेंबरला, तोर्सहाव्नमधे भाषा आणि चालीरीती वाचवायच्या म्हणून जाहीर सभा झाली, तिथून चळवळ पेटली. तरी शाळेत डॅनिशच्या बरोबरीचा दर्जा मिळायला १९३८ उजाडलं आणि मुख्य भाषा म्हणून कायद्यात यायला १९४८.

२०१७ चा किस्सा तर मला भारी आवडतो. गूगलच्या भाषांतरात यांची भाषा नव्हती. तर यांनी तक्रार अर्ज न करता, जगातून कोणी वाक्य पाठवलं की गावातला माणूस, कोणी शेतकरी, कोणी दुकानदार, व्हिडिओ काढून त्याचं भाषांतर बोलून पाठवायचा. त्याआधी २०१६ ला स्ट्रीट व्ह्यूसाठी गूगलची गाडी येत नाही म्हणून मेंढ्यांच्या पाठीवर कॅमेरे बांधले होते, तेव्हा गूगल धावत आलं होतं. भाषांतराला मात्र वेळ लागला, २०२४ ला घेतली त्यांनी भाषा.

आणि सर, डॅनिश त्यांनी सोडली नाही हेही आहे. सगळ्यांना येते, शिक्षणाला डेन्मार्कला जावंच लागतं बऱ्याचदा. पण दुकानात, खेळाच्या मैदानावर, संसदेत आपली. आपल्याकडं धरमपेठेत पोरगं मराठी बोललं की आई इंग्रजीत उत्तर देते, तिथं कायदा काय करणार, तुम्हीच सांगा.

प्रश्न : तिथं मुली कमी आहेत म्हणे, आमच्या पुतण्याला... म्हणजे उलटंच, भाचीसाठी विचारतेय.
– मानेवाडा

काकू, पुरुष जास्त आहेत हे खरं. मुली शिकायला डेन्मार्कला जातात, काही परत येत नाहीत. थायलंड, फिलिपिन्सच्या बऱ्याच बायका लग्न करून तिथं स्थायिक झाल्यात. पण हा कॉलम वधूवर सूचक मंडळ नाही, आणि भाचीला विचारलंय का आधी?

प्रश्न : आम्ही दोघं रिटायर झालो, मुलगा जर्मनीत आहे, शेंगेन व्हिसा निघतोच आहे तर तिकडून फेरोला जाऊन यावं म्हणतो. आम्ही शाकाहारी. मे महिन्यात नागपूर सोडून पळायचं आहे. काय काळजी घ्यावी?
– धरमपेठ

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, डेन्मार्क शेंगेनमधे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, आहे पण फेरो नाही. नुसता शेंगेन व्हिसा चालत नाही, त्याच्यावर फेरोसाठी वैध असं वेगळं लिहिलेलं लागतं, आणि ते अर्ज करतानाच सांगावं लागतं. मुलगा जर्मनीत म्हणून अर्ज जर्मनीकडं जाईल, तर फेरोच्या परवानगीचं डेन्मार्कच्या वकिलातीकडं आधीच लेखी विचारून घ्या, एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नका.

जायला कोपेनहेगनहून विमान, दोनेक तास. धावपट्टी वागार बेटावर, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यानं बांधलेली. धुकं आणि वारा असला की विमानं रखडतात, म्हणून परतीच्या आंतरराष्ट्रीय फ्लाइटच्या आधी निदान एक-दोन दिवस हातचे ठेवा. जहाजही आहे, नोरोना, डेन्मार्कच्या हिर्त्सहाल्सहून, पण लाटांची सवय नसेल तर नकोच. लांबच्या बेटांवर हेलिकॉप्टर जातं, स्वस्त आहे कारण सरकार पैसे घालतं, पण ते गावकऱ्यांसाठी आहे, पाहुण्यांनी एकाच बाजूनं वापरावं असं ते सांगतात, तेवढं पाळा.

मे महिना चांगला. दिवस मोठे, जूनमधे तर रात्र धड काळी होतच नाही. थंडी म्हणाल तर उन्हाळ्यातही सरासरी ११ डिग्रीच्या आसपास, आपल्या ४५ मधून गेलात तर अंगावर शहारे येतील, आणि पाऊस कधीही, एका दिवसात चार वेळा. पफिन नावाचे रंगीत चोचीचे पक्षी पाहायचे तर मिकिनेस बेट, तिथं कड्याच्या कडेनं चालावं लागतं, गुडघे दुखत असतील तर काठावरून होडीतून पाहा. गासादालुरचा धबधबा गाडीतून उतरून दोन पावलांवर, २००४ च्या सुमारास बोगदा झाला तोवर पोस्टमन डोंगर चढून त्या गावात टपाल न्यायचा. बऱ्याच पायवाटा लोकांच्या खासगी जमिनीतून जातात, काही ठिकाणी फी असते, मेंढ्यांच्या मागं धावू नका, फाटकं लावून घ्या. तोर्सहाव्नजवळच किर्क्युबोर इथं गवताच्या छताचं जुनं लाकडी घर आहे, एकाच घराण्याच्या सतरा पिढ्या तिथं राहिल्या, ते चुकवू नका.

खाण्यासाठी स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्या. बटाटे, ब्रेड, चीज मिळतं, भाज्या बाहेरून येतात म्हणून महाग. पोहे, मेतकूट, डाळ, थोडं तिखट सोबत असू द्या. छत्री मात्र नेऊ नका, पहिल्याच वळणावर उलटी होऊन समुद्रात जाते, चांगला टोपीवाला रेनकोट आणि न घसरणारे बूट इथूनच घेऊन निघा, तिथं किमती पाहून काकू परत फिरतील.